बॅटरीवर चालणारी गोल करवत : निवड व वापर

गेल्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशीं हजेरी घेत असतां नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी डावा हात पाठीमागें लपवून उभा असलेला आमच्या दृष्टीस पडला. हात पुढें करावयास सांगितल्यावर अंगठ्यास व तर्जनीस बांधलेली पट्टी दिसली. सुट्टींत तो वडिलांबरोबर फुलचुरांतील एका नव्या घराच्या कामावर गेला होता, आणि प्लायवूडचा तुकडा धरून उभा असतां वडिलांच्या हातांतला 'कटर' उसळून त्याच्या बोटांस चाटून गेला. सहा टांके पडले. बोटें वांचलीं ही परमेश्वराची कृपा. परंतु तर्जनीचें टोंक अद्यापि बधिर आहे असें तो सांगतो.

चार दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. आम्हीं विचारण्यापूर्वींच खालीं पाहत ते म्हणाले, "पाच इंची पातं बसत नव्हतं जी सर, म्हणून गार्ड काढून टाकलं होतं." मग कांहीं वेळ थांबून त्यांनीं दुसरी गोष्ट काढली. "विश्वकर्माचं लोन मंजूर झालं आहे. बॅटरीवाली आरी घ्यावं म्हणतो. कोणती घेऊ, तुम्हीच सांगा जी."

१७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेंत १८ हस्तव्यवसायांचा समावेश असून त्यांत सुतारकाम आहे. पहिल्या हप्त्यांत १ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानें मिळतें व तें १८ महिन्यांत फेडावयाचें असतें. म्हणजे प्रश्न ऋणाच्या पैशाचा होता, आणि मुलाच्या बोटांचाही होता. आम्ही पडलों शास्त्राचे शिक्षक. रंधा धरावयास लहानपणीं शिकलों तेवढेंच. तेव्हां उत्तर देण्यापूर्वीं तीन आठवडे मागून घेतले, गोंदियाच्या बाजारांत हिंडलों, कारागिरांस विचारलें, यंत्रांच्या पुस्तिका वाचल्या. त्या उत्तराचाच हा लेख झाला आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं वाकस, पटाशी व करवत पिढीजात आहेत, म्हणून तो येथें छापण्यास हरकत नसावी.

प्रथम 'कटर' म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण अपघाताचें मूळ तेथेंच आहे. आपल्याकडे सुतार ज्यास कटर म्हणतात तें यंत्र मुळांत संगमरवर व फरशी कापण्यासाठीं बनविलेलें असतें. त्यास ११० मिलिमीटर व्यासाची हिऱ्याच्या कणांची चकती बसते व तिचे मिनिटास सुमारें १२,००० फेरे होतात. त्या चकतीस करवतीसारखे दांते नसतात; ती दगड घांसून कापते. म्हणून त्या यंत्राचें गार्ड वरच्या अर्ध्या भागापुरतें व स्थिर असतें, खालचा अर्धा भाग सदैव उघडा. आतां याच यंत्रास लाकडाचें दांतेरी पातें चढविलें म्हणजे काय होतें, तें गणित करून पाहावें. ११० मिलिमीटर व्यासाच्या पात्याचा घेर सुमारें ३४५ मिलिमीटर. १२,००० फेऱ्यांनीं दांत्याचें टोंक मिनिटाला सुमारें ४,१५० मीटर, म्हणजे तासाला जवळजवळ २५० किलोमीटर वेगानें धांवतें. गार्ड काढून ११० च्या जागीं पांच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरचें पातें बसविलें कीं हाच वेग तासाला २८० किलोमीटरच्या वर जातो. पात्यावर त्याचे जास्तींत जास्त किती फेरे सोसतील तो आंकडा कोरलेला असतो. मोठ्या पात्याचा तो आंकडा यंत्राच्या फेऱ्यांहून कमी निघाला, तर पात्याचे दांते सुटून बंदुकीच्या गोळीप्रमाणें उडूं शकतात. स्वस्त आणि हलकें म्हणून हें यंत्र घरोघरीं गेलें आहे. परंतु तें लाकडासाठीं नाहीं, हें स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे.

खरी गोल करवत निराळी. तिचें बहुतेक प्रचलित बॅटरीवरील पातें १६५ मिलिमीटर व्यासाचें असतें व मिनिटास फार तर ५,००० च्या आसपास फेरे होतात. म्हणजे दांत्याचा वेग तासाला सुमारें १५५ किलोमीटर. तोही थोडा नव्हे, गोंदिया स्थानकावरून धडाडत जाणाऱ्या बहुतेक गाड्या इतक्या धांवत नाहींत. पण येथें पात्याच्या खालीं एक दुसरें, स्प्रिंगवर फिरणारें गार्ड असतें. करवत पुढें सरकतांना लाकडाच्या कडेनें तें मागें ढकललें जातें आणि करवत लाकडांतून बाहेर येतांच आपोआप मिटतें. चांगल्या यंत्रांत खटका सोडल्याबरोबर पात्यास लगाम घालणारा विद्युत्-ब्रेकही असतो. शिवाय खालीं रुंद सपाट तळपट्टी असल्यामुळें यंत्र लाकडावर टेंकून चालतें, हातांत लोंबत नाहीं. हे तीन गुण म्हणजेच गोल करवत. बाकी मोटर कोणत्याही यंत्रांत असते.

ही कल्पना कशी निघाली, तें थोडक्यांत. गोल पात्याच्या करवतीबद्दल इंग्लंडांतील सॅम्युअल मिलर यास १७७७ सालीं पेटंट मिळालें. अमेरिकेंतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या भगिनीची एक गोष्टही सांगतात : दोन माणसें लांब करवत ओढीत असतां एका दिशेची ओढ फुकट जाते हें पाहून, फिरत्या चाकास दांते केले तर कोणतीच ओढ वायां जाणार नाहीं असें तिच्या मनांत आलें. इतिहासकारांस ही गोष्ट सर्वस्वीं मान्य नाहीं. तथापि गोल पात्याचें मर्म तींत अचूक आलें आहे. हातांत धरावयाची विजेची करवत १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत एडमंड मिशेल यानें घडविली, आणि तिचा उगम ऊसतोडीच्या कोयत्यास मोटर बसविण्याच्या खटपटींत झाला. आपल्याकडे अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनच्या औद्योगिक शाळेंत मुलांस पुस्तकाबरोबर सुतारकामही शिकवीत असत. नासरेथच्या सुताराच्या अनुयायांस त्यांत कमीपणा वाटण्याचें कारणही नव्हतें.

बॅटरीवरची करवत मात्र अगदीं अलीकडची. पूर्वींच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड आणि लौकर थकणाऱ्या होत्या. त्यांवर छिद्र पाडण्याचें यंत्र बरें चाले, करवत चालविणें जड जाई. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्यें बाजारांत आली आणि गेल्या वीस वर्षांत ती सुतारांच्या यंत्रांत रुळली. या बॅटरीच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें; गुडइनफ तेव्हां ९७ वर्षांचे होते.

बाजारांत आम्हांस पहिला चकवा बॅटरीच्या आंकड्यांतच मिळाला. एका दुकानदारानें सांगितलें कीं, १८ व्होल्टपेक्षां २० व्होल्टची करवत अर्थातच अधिक जोराची. आम्हीं दोन्ही बॅटऱ्यांची माहिती वाचून पाहिली, तों आंत पांच-पांचच घट! लिथियम-आयनच्या एका घटाचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट, पांच घटांचा १८. तोच घट नुकताच भरलेला असतांना ४ व्होल्टच्या वर असतो, आणि पांच घटांचे झाले २०. कोणी सरासरी छापतो, कोणी शिगोशीग भरल्या वेळचा आंकडा छापतो, माल एकच. या व्होल्टच्या आंकड्यास भुलून जास्त पैसे मोजूं नयेत. पाहावयाचा तो दुसरा आंकडा, ॲम्पिअर-तासांचा. १८ व्होल्ट आणि ५ ॲम्पिअर-तास यांचा गुणाकार ९० वॅट-तास. आतां समजा, वायरवरची एखादी करवत भर जोरांत १,२०० वॅट वीज ओढते. तेवढाच जोर या बॅटरीनें लावला, तर ती साडेचार मिनिटांत रिकामी होईल. सुदैवानें सुतार सतत कापीत नाहीं. मोजतो, रेघ मारतो, लाकूड उचलतो, चहा पितो. पण दोन ॲम्पिअर-तासांची लहान बॅटरी करवतीस पुरत नाहीं हें या गणितावरून उघड आहे. करवतीसाठीं निदान ४ किंवा ५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी हवी, व एक चार्ज होत असतां दुसरी हाताशीं हवी. जाहिरातींत एका चार्जमध्यें अमुक इतक्या चिरा असें लिहिलेलें असतें, त्या बहुधा परदेशांतील पाइन-स्प्रूससारख्या मऊ लाकडावर मोजलेल्या असतात. आपला ऐन किंवा बिजा तितका सौजन्यशील नाहीं.

म्हणूनच आम्हीं त्या गृहस्थांस पहिला प्रश्न उलट विचारला : आपलें काम बहुधा कोठें चालतें? ज्याची दुकानांत बसून कपाटें-पलंग करण्याची रीत आहे व जेथें वीज आहे, त्यानें वायरवरचीच करवत घ्यावी. ती कमी पैशांत अधिक जोर देते आणि तिला चार्जरची वाट पाहावी लागत नाहीं. परंतु फुलचूर गोंदियास लागून असल्यामुळें येथें सतत नवीं घरें उठत आहेत, आणि अर्धवट बांधलेल्या घरांत मीटर नसतो. शेजारच्या घरून ओढलेली, जागोजागीं पट्टी गुंडाळलेली वायर, पावसानें ओल्या झालेल्या जमिनीवरून नेऊन काम करणें हें जिवाशीं खेळणें होय. अशा कामास बॅटरीची करवत योग्य. त्यांचें काम याच दुसऱ्या प्रकारचें निघालें.

मग आकार. १६५ मिलिमीटरचें पातें सरळ कापतांना सुमारें ५५ मिलिमीटर खोल जातें आणि ४५ अंशांत तिरपें धरल्यास सुमारें ४० मिलिमीटर. १८-१९ मिलिमीटरचें प्लायवूड व दोन इंची फळी त्यास सहज कापतां येते. तीन इंची चौकटीचें लाकूड मात्र दोन बाजूंनीं कापावें लागतें. १८५ मिलिमीटरचें पातें सुमारें ६५ मिलिमीटर खोल जातें, परंतु तें यंत्र जड आणि बॅटरीची भूक दांडगी. खिशास व मनगटास १६५ चेंच बरें. ज्यांत कार्बन ब्रश नाहींत अशी मोटर असल्यास थोडे अधिक पैसे द्यावेत. घर्षण कमी असल्यामुळें त्याच बॅटरींत काम अधिक होतें. बॉश, मकिता, डीवॉल्ट यांसारख्या प्रत्येक कंपनीची बॅटरी आपापल्याच यंत्रांस बसते, म्हणून पहिलें यंत्र घेतांना पुढचीं चार यंत्रेंही आपण निवडीत असतों. घरांत एखाद्या कंपनीचें बॅटरीवरचें ड्रिल आधींच असेल, तर त्याच कंपनीची नुसती करवत घेतल्यानें बरीच बचत होते. नकली बॅटरी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. तिच्यांतील घट कसे आहेत हें बाहेरून कळत नाहीं, आणि ती आग लावूं शकते.

पात्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण कारागीर यंत्रावर हजारों रुपये खर्चून पात्यावर शंभर वांचवितात. दांत्यांच्या टोंकास टंगस्टन कार्बाइडचे कठीण तुकडे डांखलेले असावेत. तंतूंच्या दिशेनें लांब चिरण्यास १८ ते २४ दांत्यांचें पातें, आडवें किंवा प्लायवूड स्वच्छ कापण्यास ४० किंवा अधिक दांत्यांचें. २४ दांत्यांचें पातें ५,००० फेऱ्यांनीं फिरलें तर सेकंदास २,००० दांते लाकडावर येतात. दांते जितके जास्त तितका प्रत्येकाचा घांस लहान, काप गुळगुळीत, पण चाल मंद व बॅटरीवर भार अधिक. पातें पातळ असावें. दीड-पावणेदोन मिलिमीटरची चीर पाडणारें पातें अडीच मिलिमीटरच्या पात्यापेक्षां लाकूडही कमी खातें आणि वीजही. मधल्या छिद्राचा व्यास यंत्राच्या दांड्याशीं जुळलाच पाहिजे. सागवानांत नैसर्गिक वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, सूक्ष्म कण असतात. आपल्या विदर्भाचें सागवान दिल्लीच्या नव्या संसद भवनापर्यंत गेलें इतकें तें नांवाजलेलें, परंतु पात्याची धार तें लौकर मारतें. बोथट पातें जळका वास देतें आणि जोर मागतें. जोर लावला कीं अपघात जवळ आला.

वापराचा विषय निघाला म्हणून आमची एक फजिती सांगतों. शाळेच्या रंगमंचाकरितां प्लायवूड कापण्याचें काम आम्हीं हौसेनें अंगावर घेतलें आणि सनमायका लावलेली सुंदर बाजू वर ठेवून करवत चालविली. रेघेच्या दोन्ही बाजूंस कपच्यांची झालर उभी राहिली! हातकरवतीचे दांते खालीं जातांना कापतात. गोल करवतीचे दांते पुढच्या बाजूस खालून वर येत कापतात. म्हणून कपच्या वरच्या पृष्ठभागावर उडतात. चांगली बाजू खालीं ठेवणें हाच त्यावर उपाय. पडद्याच्या मागें तो तुकडा अजून आहे.

आतां उसळी. त्या मुलाच्या बोटांवर करवत आली ती उसळीमुळें, आणि तिचें कारण साधें आहे. पात्याचा पुढचा भाग लाकूड कापतो. मागचा भाग नुसता त्या चिरेंतून फिरत असतो. कापतां कापतां चीर मिटली व पात्याला दोन्ही बाजूंनीं चिमटा बसला, किंवा हात वांकडा होऊन पातें चिरेंत तिरकें झालें, तर दांते लाकडांत रुततात आणि मोटरचा सगळा जोर यंत्रालाच उचलून कापणाऱ्याकडे मागें फेंकतो. हें डोळ्यांची पापणी लवण्याच्या आंत घडतें. 'सावध राहीन' म्हणून तें टळत नाहीं. चीर मिटूं न देणें हाच उपाय. फळी दोन टोंकांवर ठेवून मध्यें कापली कीं ती वजनानें मध्यें वाकते आणि चीर वरून मिटते. मुलगा एक टोंक धरून उभा राहिला कीं त्याचा हात थकून खालीं येतो व तोच परिणाम होतो. यासाठीं कोणासही लाकूड धरावयास उभें करूं नये. दोन घोड्यांवर लाकूड ठेवावें, शिकंज्यानें आवळावें, आणि कापून पडणारा तुकडा मोकळा खालीं पडूं द्यावा. मोठी प्लाय असेल तर रेघेच्या दोन्ही बाजूंस आधार द्यावा. सागवानाची लांब फळी चिरतांना लाकडांतील ताणानें चीर स्वतःहून मिटूं लागते, तेव्हां करवत थांबवून कापलेल्या भागांत बारीक पाचर मारावी व मग पुढें जावें.

खोलीचा स्क्रू लाकडाच्या जाडीइतका लावून पातें खालीं एका दांत्यापुरतें, फार तर पांच मिलिमीटर, बाहेर ठेवावें. पुष्कळजण पातें नेहमीं पूर्ण उतरवूनच ठेवतात. तसें केल्यानें खालच्या बाजूस पात्याचा बराच धारदार भाग उघडा फिरत राहतो. करवत पूर्ण वेगांत आल्यावरच ती लाकडास लावावी, चिरेंत असतां खटका दाबून सुरू करूं नये, व उलट मागें ओढूं नये. दोन्ही हात दोन्ही मुठींवर. शरीर पात्याच्या रेषेंत न ठेवतां किंचित् बाजूस ठेवावें. पातें बदलतांना अगोदर बॅटरी काढून बाजूला ठेवावी. वायर नसल्यामुळें हें यंत्र 'बंद' आहे असा भास होतो, परंतु बॅटरी लागलेली असेपर्यंत तें जिवंत असतें. फिरतें गार्ड भुशानें अडकत असेल तर तें ब्रशानें साफ करावें. तारेनें अथवा पाचरेनें मागें बांधून ठेवण्याची रीत कोठें दिसल्यास मुलांनीं वडिलांस नम्रपणें परंतु स्पष्ट सांगावें. आणि अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंत स्वतः खटक्यास हात लावूं नये.

भुशाकडेही सगळे दुर्लक्ष करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें १९९५ मध्यें लाकडाच्या धुळीस मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटांत घातलें आहे. डोळ्यांस चष्मा आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा हवा. खांद्यावरच्या दुपट्ट्याचा तेथें उपयोग नाहीं, उलट त्याचें टोंक पात्यांत सांपडण्याचें भय.

शेवटीं आपल्या उन्हाळ्याचा विचार. गोंदियास वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत बॅटरी ठेवल्यास तिचें आयुष्य भराभर घटतें. काम संपतांच तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर चढवूं नये. सावलींत थंड होऊं द्यावी. पावसाळ्यांत महिनाभर काम बंद राहणार असेल तर ती पूर्ण भरूनही ठेवूं नये व पूर्ण रिकामीही ठेवूं नये, अर्धी भरलेली ठेवावी. फुगलेली किंवा पडून तडकलेली बॅटरी वापरूं नये व कचऱ्यांतही टाकूं नये; २०२२ च्या नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हां ती विक्रेत्याकडे न्यावी.

त्या गृहस्थांनीं १६५ मिलिमीटरची, ब्रश नसलेल्या मोटरची करवत घेतली, ५ ॲम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या व दोन पातीं घेतलीं. कर्जाचा पुष्कळ भाग त्यांत गेला, म्हणून घोड्या त्यांनीं जुन्या बल्ल्यांच्या स्वतःच बनविल्या. गेल्या महिन्यांत आम्ही त्यांच्या कामावर गेलों होतों. मुलगा शिकंजा आवळून सहा पावलें मागें जाऊन उभा राहत होता. जुना कटर त्यांनीं विकला नाहीं. त्याला मूळचें गार्ड शोधून पुनः बसविलें आहे, आणि तो आतां फरशी कापण्यापुरताच बाहेर निघतो.